जिओकॅशिंग: लॉगबुक भिजलेलं असेल तर ‘सापडला’ नोंदवायचं का? आणि अजून काही शंका

नेकरकाठची

श्टुटगार्टच्या आसपास जिओकॅशिंग (जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे, म्हणजे ‘कॅश’, शोधायचे, आतल्या लॉगबुकात सही करायची आणि संकेतस्थळावर नोंद, म्हणजे ‘लॉग’, टाकायची असा खेळ) नुकतंच सुरू केलंय. मदतपानं वाचली, पण त्यात नियम कुठला आणि नुसता रिवाज कुठला ते कळत नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी कृपया सांगावं.

१. झाडाला टांगलेलं पेटलिंग (झाकणाची जाड प्लास्टिकची नळी) मिळालं, पण आतल्या कागदाचा पार लगदा. पेन उमटतच नाही. ‘सापडला’ लिहिलं तर चालतं, की फक्त नोट टाकायची?

२. शोधून न मिळालेल्या ठिकाणी ‘सापडला नाही’ टाकायचंच असतं का? सुरुवातीलाच निळ्या रडक्या चेहऱ्यांची रांग लागतेय.

३. एका डब्यातून ट्रॅव्हल बग (क्रमांकाची पट्टी लावलेली, डब्याडब्यांतून प्रवास करणारी वस्तू) उचललाय. त्याच्या पानावर ‘आशिया बघायचा आहे’ असं लिहिलंय. दिवाळीत पुण्याला जाणार आहे. तिथे सोडता येईल?

४. पुण्यात असतानाच एखादा डबा लपवावा असं मनात आहे, टेकडीवर किंवा एखाद्या किल्ल्यावर. काय काय लागतं?

---

डबाबंद

पहिल्या दोनांचं मी सांगतो. तीन-चार इतरांवर सोडतो.

नियम एवढाच आहे: लॉगबुकात तुमचं नाव असेल तर ‘सापडला’ नोंदवता येतं. ट्रॅडिशनल (थेट डबा), मल्टी (टप्प्याटप्प्याने), मिस्ट्री (कोडं सोडवून), सगळ्यांना हेच लागू. त्यावर मालक (डबा लपवणारा) आपली वेगळी अट घालू शकत नाही. विचित्र टोपी घालून फोटो टाका, लॉग कवितेत लिहा असल्या अटी पूर्वी चालायच्या, २००९ पासून बंद आहेत. चॅलेंज कॅश (आधी ठरावीक कामगिरी पूर्ण करावी लागते तो) तेवढा अपवाद.

आता लगदा. पेन उमटत नाही यात नवल नाही. बॉलपेनची गोळी ओल्या कागदावर नुसती घसरते आणि जेलची शाई पसरते. पिशवीत टू-बी शिसपेन्सिलीचा तुकडा ठेवा. एचबी कडक असते, दमट कागद फाडते. टू-बी मऊ, ती उमटते. जर्मनीतल्या हिवाळ्यात शून्याखाली पेनं मान टाकतात तेव्हाही पेन्सिल लिहिते.

पेन्सिलही हरली तर आपल्याकडची कोरड्या कागदाची पट्टी काढा, तीन-चार सेंटिमीटर रुंद. वर तारीख आणि आपलं सदस्यनाव लिहा, घट्ट गुंडाळून आत सरकवा. पेटलिंगचं तोंड आतून जेमतेम दोन सेंटिमीटरचं असतं, तेव्हा जाड कागदाची घडी घालून कोंबू नका, पुढच्याला ती चिमट्यानेही निघत नाही. जुना लगदा फेकायचा नाही, घरीही न्यायचा नाही. त्यावर आधीच्यांच्या सह्या आहेत आणि तो मालकाचा आहे. एवढं केलंत तर ‘सापडला’ नोंदवायला कुणाची हरकत नसते.

पण काम तिथे संपत नाही. आपल्या नोंदीबरोबर ‘मालकाने लक्ष द्यावे’ हा वेगळा लॉग टाकायचा. याचंच आधीचं नाव ‘देखभाल हवी’ होतं, त्यामुळे जुन्या पानांवर तसं दिसेल. त्याने कॅशच्या पानावर पान्याचं (स्पॅनरचं) चिन्ह लागतं आणि मालकाने ‘देखभाल केली’ नोंदवेपर्यंत ते राहतं. अनेकजण इथे संकोचतात, मालकाला राग येईल म्हणून. शहाणा मालक रागावत नाही, त्याची खेप वाचते. मात्र ‘लॉग ओला’ एवढं खरडून थांबू नका. पाणी कुठून येतंय ते बघा आणि लिहा. नेहमीची कारणं अशी:

पेटलिंग टांगण्यासाठी झाकणालाच भोक पाडून आकडा अडकवलेला असतो आणि पाणी त्या आकड्यावरून ओघळत आत जातं. मालकाने नवा कागद कितीदाही घातला तरी पहिल्याच पावसात पुन्हा लगदा. इलाज म्हणजे झाकण बदलायचं आणि नळीच्या गळ्याला तार बांधून टांगायचं.

क्लिपच्या डब्यात घुसलेलं पाणी बहुधा आतल्या झिप पिशवीच्या कृपेने येतं. घाईत बंद करताना पिशवीचा कोपरा झाकणात चिमटला जातो, तेवढी फट पुरते. हे डबा मोडल्यामुळे होत नाही, आधीच्या शोधणाऱ्यामुळे होतं. पिशवी आत नीट दाबा आणि चारही क्लिपा ‘टक्’ वाजेपर्यंत लावा.

धातूच्या बारक्या नळीत रबरी कडी असते. आट्यांत माती राहिली की ती कडी नीट बसत नाही. बंद करण्याआधी आटे बोटाने पुसायचे. कडीच गायब असेल तर तसं लिहा, मालक तीच एक घेऊन येईल.

सिलिका जेलची पुडी टाकून आपण उपकार केले असं समजू नका. गळक्या डब्यात ती थोड्याच दिवसांत भरून जाते आणि मग तीच ओल धरून बसते.

दुसरा प्रश्न. हो, टाकायचंच. जागेवर पोचलात, शोधलंत, मिळालं नाही, की ‘सापडला नाही’. तो तुमच्या प्रगतिपुस्तकातला लाल शेरा नाही. मालकाला कळायचा तोच एक मार्ग आहे. एकामागून एक अशा नोंदी आल्या की संकेतस्थळाचं ‘कॅश हेल्थ’ गणित ते टिपतं आणि मालकाला आठवणीचं पत्र जातं. त्या गणितात अवघडपणाचे तारेही धरलेले असतात, म्हणजे साडेचार ताऱ्यांच्या कॅशवर तुम्हाला काही मिळालं नाही याने त्याचं काही बिघडत नाही. दीड ताऱ्याच्या, रोज कुणी ना कुणी शोधणाऱ्या डब्यावर मात्र अशा सलग तीन नोंदी म्हणजे डबा गेला असं जवळजवळ धरून चालावं. तुम्ही गप्प बसलात तर पुढचे दहाजण पेट्रोल जाळून तिथे जातात.

नोंदीत काय लिहायचं? किती वेळ शोधलं, कुठे कुठे (मोघम), फोन किती मीटर अचूकता दाखवत होता, आणि जागेत काही बदल दिसला का. ‘झाड नुकतं तोडलेलं दिसतंय, बुंधा ताजा आहे’ या एका वाक्याची किंमत दहा स्मायलींहून जास्त आहे.

---

ऑस्टिनकर

डबाबंद यांच्याशी बहुतांशी सहमत. दोन जोड.

एक, कोरडी पट्टी घालणं हा शिष्टाचार आहे, पण नवा डबा ठेवणं नाही. आमच्याकडे अमेरिकेत हमरस्त्यांवरच्या लांबलचक पॉवर ट्रेलवर (ओळीने ठेवलेल्या डब्यांच्या मालिकांवर) लोक सर्रास करतात: डबा मिळाला नाही की खिशातली फिल्मची डबी काढायची, टाकायची, सही करायची आणि ‘सापडला’. याला थ्रोडाउन म्हणतात. मूळ डबा दोन फुटांवर शाबूत असतो. मग एका जागी दोन डबे, मालकाला दुसऱ्याची खबर नाही, आणि पुढचे लोक चुकीच्या डबीवर सह्या करत बसतात. मालकाने स्वतः सांगितलं असेल तरच बदली डबा ठेवायचा. आणि फिल्मची डबी तर नकोच. ती मुळात पाणी अडवायला केलेलीच नाही.

दोन, डबा दिसतोय पण हात पोचत नाही, फोटो काढला आणि ‘सापडला’. हे चालत नाही. झाडावर चढणं हाच त्या कॅशचा पाच ताऱ्यांचा टेरेन (पोचण्याची अवघडाई) असेल तर खालून काढलेला फोटो म्हणजे न चढल्याचा पुरावा. मालक अशी नोंद काढून टाकू शकतो आणि काढलीच पाहिजे. खोट्या नोंदी साफ ठेवणं हे त्याचंच काम. लगद्याच्या बाबतीत मात्र फोटो उपयोगी पडतो. डबा हातात होता हे त्यातून दिसतं. तो लॉगला न जोडता मालकाला निरोपातून पाठवावा, नाहीतर लपवण्याची जागा जगजाहीर होते.

जागेवर पोचलोच नाही (रस्ता बंद, पूर, लग्नाची वरात) तर काय, यावर मतं दोन आहेत. मी नोट टाकतो. काहीजण तिथेही ‘सापडला नाही’ टाकतात. दोन्ही चालतं.

---

नेकरकाठची

दोघांचेही आभार. मग त्या पेटलिंगसाठी हा लॉग बरोबर वाटतो का?

‘छान जागा, पायवाटेवरून पाच मिनिटांत. बाकाच्या मागच्या बीचच्या झाडाला, डोक्याच्या उंचीवर टांगलेलं लगेच दिसलं. लॉग ओला होता, कोरडी पट्टी घातली. टीएफटीसी!’

---

डबाबंद

दुसरं वाक्य पूर्ण काढा. बाक, झाडाची जात, उंची, टांगलेलं: सगळं कोडं तुम्ही चार शब्दांत सोडवून ठेवलंत. मालकाने सूचना सांकेतिक लिपीत ठेवली असेल (तेरा अक्षरं पुढे सरकवलेली, ज्याला हवी तोच उलगडतो) आणि नोंदीत ती उघडी पडली तर अर्थ काय राहिला? त्याऐवजी:

‘जीपीएस पानांखाली दहा-बारा मीटर इकडेतिकडे नाचत होतं, पण सूचना वाचायची गरज पडली नाही. वाटेवरून दिसणारी द्राक्षमळ्यांची उतरण अप्रतिम. लॉगचा लगदा झालाय, झाकणाच्या भोकातून पाणी येतंय. नाव-तारखेची कोरडी पट्टी आत ठेवली आहे, जुना कागद तसाच. डब्यासाठी धन्यवाद.’

नुसतं ‘टीएफटीसी’ (थँक्स फॉर द कॅश) किंवा जर्मनांचं ‘डीएफडीसी’ लिहिणं नियमात बसतं. पण ज्याने अर्धा दिवस घालवून डबा बनवला त्याला चार अक्षरं देणं कंजूषपणाच. एका दिवसात तीस-चाळीस डबे करणारे सगळीकडे एकच मजकूर चिकटवतात. त्यांनीही निदान ज्या एक-दोन डब्यांनी थांबायला लावलं त्यांच्यावर वेगळं लिहावं.

भाषा कुठलीही चालते. मराठीत लिहिलंत तरी हरकत नाही, खाली जर्मनमध्ये एक ओळ टाका म्हणजे मालकाला भिजल्याचं कळेल.

---

ल्यूटनवाली मृण्मयी

ट्रॅव्हल बगचं मी सांगते, कारण यात गोंधळ फार होतो.

बगला दोन क्रमांक असतात. ‘टीबी’ने सुरू होणारा जाहीर, तो पानावर सगळ्यांना दिसतो. पट्टीवर कोरलेला सहा अक्षरांचा माग-क्रमांक गुप्त. तो ज्याच्याकडे, त्याने वस्तू प्रत्यक्ष पाहिली असं मानलं जातं. म्हणून पट्टीचा स्वच्छ फोटो लॉगमध्ये टाकू नकोस, क्रमांकावर अंगठा ठेव. एकदा का तो क्रमांक जाळ्यावर गेला की जगभरातून ‘पाहिला’ म्हणून खोट्या नोंदींचा पाऊस पडतो आणि मालकाला बग कुलूपबंद करावा लागतो.

उचलल्यावरचा क्रम असा. आधी कॅशचा ‘सापडला’ लॉग. मग बगच्या पानावर माग-क्रमांक टाकून ‘कॅशमधून घेतला’. हा पर्याय दिसत नसेल तर बग कागदोपत्री भलत्याच डब्यात किंवा भलत्याच माणसाकडे आहे. तेव्हा ‘दुसरीकडून मिळाला’ घ्यायचं. नुसता बघून परत ठेवला तर ‘पाहिला’. वाटेत भेट दिलेल्या प्रत्येक डब्याला ‘भेट’ नोंदवता येते, त्याने बगच्या प्रवासाचे किलोमीटर वाढतात. मालकाला ते आवडतं का हे त्याच्या पानावर बघ, कारण काहींना रोजच्या वीस भेटींची पत्रं नको असतात. सोडताना नव्या कॅशच्या लॉगमध्येच ‘इथे सोडला’ निवडायचं. लगेच कर. चार दिवस थांबलीस तर पुढचा माणूस तो तुझ्या नावावरून ओढून घेतो आणि तुझा मुक्काम नकाशावर येतच नाही.

तुझ्या बगला आशियाच हवा आहे म्हणजे सोनंच. पण बग दोन आठवड्यांहून जास्त जवळ राहणार असेल तर मालकाला निरोप द्यायचा रिवाज आहे. ‘दिवाळीत पुण्याला नेतेय, तोवर माझ्याकडे सुखरूप आहे’ एवढं पुरे. आणि तिथे कुठल्याही डब्यात टाकू नकोस. लहानशा नळीत बग मावत नाही. निदान ‘स्मॉल’ आकाराचा, म्हणजे १०० मिलिलिटर ते १ लिटरचा डबा हवा. गेल्या काही महिन्यांत कुणी शोधलाय का तेही बघ. भारतात डबे विरळ आणि वर्दळ कमी, वर्षभर कुणी न फिरकलेल्या डब्यात बग सोडला तर तो तिथेच अडकतो. पर्यटक जातात अशा जागेचा बरा.

अजून एक. बग उचलताना बदल्यात काही ठेवावं लागत नाही, तो देवाणघेवाणीतला माल नाहीच. बाकी खेळणी, बिल्ले, शंख वगैरे घेतलंस तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवायचं. खाऊ, उदबत्ती, सुगंधी साबण असलं काही नाही. उंदीर, खारी, रानडुक्कर डबा कुरतडतात. पुण्याहून येताना पितळेचा छोटा घुंगरू आणलास तर जर्मन डब्यात तो आठवडाभरही टिकायचा नाही.

---

हाइलब्रॉनच्या काकू

इकडचीच आहेस म्हणून सांगते, हे सगळं तुला इंग्रजी पानांवर मिळणार नाही.

श्वेबिशे आल्ब डोंगरांतल्या गुहा, जुने बोगदे, तळघरं यांत १ ऑक्टोबर ते ३१ मार्च जायचं नाही. वटवाघळं हिवाळा काढतात आणि जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्यातच ही बंदी आहे. जागं झालेलं वटवाघूळ साठवलेली चरबी जाळतं आणि वसंतापर्यंत तगत नाही. अशा कॅशचे मालक हिवाळ्यात पान बंद ठेवतात. पान चुकून उघडं राहिलं तरी जायचं नाही.

‘नाटूरशुट्सगेबीट’ची (संरक्षित निसर्गक्षेत्राची) हिरव्या कडेची त्रिकोणी पाटी दिसली की पायवाट सोडायची नाही. बाण शंभर मीटर आत दाखवत असेल तर नकाशावर दुसऱ्या बाजूची वाट शोध. संध्याकाळ पडताना जंगलात शिकारी मचाणावर बसलेले असतात. मचाणावर चढू नकोस, त्याखाली विजेरी घेऊन घुटमळू नकोस. रात्रीचे कॅश (झाडांना लावलेल्या परावर्तक टाचण्यांचा माग काढायचे) इथे फार लोकप्रिय आहेत, पण हिरवी वनरक्षकाची गाडी थांबली तर सरळ सांग, जिओकॅशिंग करतेय म्हणून. त्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो. लपवाछपवी केलीस तर उलट संशय.

आणि गोचीड. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग आणि बायर्न जवळजवळ पूर्ण एफएसएमईच्या (गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या) धोक्यात येतात. तीन मात्रांची लस असते, घेऊन टाक. ती बोरेलिओसिसवर (गोचिडीमुळेच होणाऱ्या लाइम आजारावर) चालत नाही, त्यामुळे घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला बघायचंच. गोचीड काढताना तेल-डिंक काही लावू नकोस; चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढ.

---

सह्यवारी

चौथा प्रश्न माझा. आधी थंड पाणी ओततो: दिवाळीच्या सुट्टीत येऊन डबा ठेवून परत गेलात तर समीक्षक (नवे कॅश तपासून मंजूर करणारे स्वयंसेवक) तो नाकारतील. यालाच सुट्टीतला कॅश म्हणतात आणि नियमाने चालत नाही, कारण मालकाला देखभाल करता आली पाहिजे. पुण्यात राहणारा कुणी, शक्यतो स्वतःचं खातं असलेला, ‘मी बघेन’ म्हणत असेल तर अर्ज भरताना समीक्षकाच्या टिपणीत त्याचं सदस्यनाव आणि तो किती दिवसांत पोचू शकतो हे लिहा. ही टिपणी जाहीर होत नाही.

किल्ला डोक्यातून काढून टाका. बहुतेक मोठे गड केंद्राच्या नाहीतर राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. शिवनेरी, लोहगड, राजगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तटातल्या एका दगडामागे डबा ठेवला की शोधायला आलेले वीसजण वीस दगड हलवतात. मालकाने काही तोडलं नाही, शोधणाऱ्यांनी तोडलं, हा बचाव कुणी ऐकणार नाही. माझं मत विचाराल तर परवानगी मिळाली तरी तटात, टाक्यात, देवळात ठेवू नये.

वेताळ टेकडी, तळजाई वगैरे भागांत बरीच जमीन वन विभागाची आहे. परवानगी त्यांची. जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खोदून पुरणं तसंही बंद. मजा म्हणजे ३ मे २००० ला ओरेगनमध्ये ठेवलेली जगातली पहिली बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात बीन्सचा डबाही होता. आज अर्ज आला असता तर दोन्ही कारणांनी परत गेला असता.

लष्करी हद्दीपासून लांब. पुणे कॅम्प, खडकी, देहूरोड, खडकवासल्याची एनडीए: नकाशावर मोकळी हिरवी जागा दिसते म्हणून फसू नका. पूल, रेल्वेमार्ग, शाळा, विमानतळ हेही नाही. आपल्याकडे ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे प्रत्येक स्थानकावर कानीकपाळी ओरडून सांगितलं जातं. झुडपात चिकटपट्टी गुंडाळलेला काळा डबा दिसला की लोक पोलिसांना फोन करणार आणि ते योग्यच आहे. म्हणून डबा पारदर्शक घ्या. बाहेरून मोठ्या अक्षरांत मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे, धोकादायक नाही’ आणि कॅशचा जीसी क्रमांक. आत मराठी-इंग्रजीत अर्ध्या पानाची माहिती. लष्करी गोळ्यांचे हिरवे लोखंडी डबे परदेशात उत्तम मानतात, इथे चुकूनही नको.

पावसाचा विचार करा. चार महिने डबा भिजणार. पाण्याचा ओघळ जातो तिथे, नाल्याच्या पात्रात, दगडाखालच्या खळग्यात नको. जमिनीपासून हातभर वर, झाकण खाली किंवा आडवं. माकडं चमकणारं काहीही पळवतात. आणि दगडांच्या कपारी अजिबात नकोत: उन्हाळ्यात तिथे घोणस, फुरसं, विंचू असतो. शोधणाऱ्याला आधी काठी फिरवायची सवय असतेच असं नाही. सूचनेत सरळ लिहा, ‘कपारीत नाही’.

दुसऱ्या कॅशपासून किमान १६१ मीटर अंतर लागतं, म्हणजे मैलाचा दहावा भाग. मल्टी आणि मिस्ट्रीच्या लपलेल्या टप्प्यांनाही ते लागू असल्याने नकाशावर रिकामी दिसणारी जागा कधीकधी आधीच व्यापलेली निघते. मिस्ट्रीचा खरा डबा दाखवलेल्या खुणेपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत हवा.

या सगळ्यापेक्षा मला वाटतं तुम्ही अर्थकॅश करा. डबा नाही, सही नाही, माकड नाही. जागेवर जाऊन भूशास्त्राचा धडा शिकायचा, प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची आणि लगेच नोंदवायचं, उत्तर बरोबर असल्याच्या निरोपाची वाट बघावी लागत नाही. २०१९ पासून मालक पुरावा म्हणून फोटोही मागू शकतो. १६१ मीटरची अटही नाही. पुणे-नगरच्या हद्दीवर निघोजचे कुकडी नदीतले रांजणखळगे घ्या. प्रश्न असे हवेत की घरबसल्या शोधयंत्रावर मिळू नयेत: एका ठरावीक खळग्याचा व्यास आणि खोली अंदाजा, तळाशी कसले गोटे आहेत, कडा गुळगुळीत की खडबडीत, त्यावरून पाण्याचा भोवरा कसा फिरला असेल. ‘बेसॉल्ट किती कोटी वर्षांपूर्वीचा’ असला प्रश्न परत येईल. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडलेलं असताना पात्रात उतरू नका हे ठळक लिहा. गुळगुळीत खडकावरून घसरलेला माणूस खळग्यातून वर येत नाही.

(व्हर्च्युअल, म्हणजे डब्याविना नुसत्या जागेचा कॅश, का नाही असं कुणी विचारेलच. नवे व्हर्च्युअल २००५ मध्येच थांबले. २०१७ पासून काही निवडक मालकांना ते बक्षीस म्हणून मिळतात, मागून मिळत नाहीत.)

---

डबाबंद

+१. अर्थकॅशचं एकदम पटलं.

अक्षांश-रेखांशाबद्दल राहिलं होतं, कारण समीक्षकाकडून परत येणाऱ्या नवख्या अर्जांत ही चूक हमखास असते. फोनचा नकाशा दशांश अंश देतो, उदाहरणार्थ १८.५२०४३. कॅशच्या अर्जात अंश आणि दशांश मिनिटं लागतात. दशांश भाग गुणिले ६०: ०.५२०४३ × ६० = ३१.२२६, म्हणून १८° ३१.२२६. घाईत १८° ५२.०४३ लिहिलं की डबा सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला गेला.

मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, पुण्याच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम १.७५ च्या आसपास. मोकळ्या आकाशाखाली फोन तीन ते पाच मीटर अचूक असतो, दाट झाडीत किंवा इमारतींच्या गल्लीत दहा-वीसही चुकतो. म्हणून एकच वाचन घेऊ नका. फोन डब्याच्या जागी दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा, वीसेक मीटर लांब जाऊन दुसऱ्या दिशेने परत या, पुन्हा घ्या. असं चार-पाच वेळा, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला, आणि सरासरी काढा. दोन दिवसांच्या आकड्यांत आठ मीटरहून जास्त फरक असेल तर जागाच वाईट आहे. अमेरिकेने मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढण्याआधी नागरी जीपीएस शंभर मीटरपर्यंत चुकायचं, म्हणून हा खेळ त्याआधी शक्यच नव्हता.

---

ऑस्टिनकर

अवांतर, पण महत्त्वाचं. भारतात जाताना साध्या हातातल्या जीपीएसवरूनही तपासणीत प्रश्न येऊ शकतात. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण (आल्प्समध्ये चढाईला नेतात ते नारिंगी) तर घरीच ठेवा. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते बाळगणं भारतात गुन्हा आहे. गोव्याच्या आणि दिल्लीच्या विमानतळांवर परदेशी प्रवासी त्यावरून पकडले गेले आहेत. दिसायला दोन्ही सारखीच असतात, सुरक्षा तपासणीत वाद घालण्यापेक्षा फोनवर नकाशे उतरवून न्या.

---

नेकरकाठची

किल्ला रद्द. बग पुण्याला नेते, मालकाला आजच निरोप टाकते. अर्थकॅशसाठी एकच शंका: निघोजला मी दिवाळीत एकदाच जाणार, मग तोही ‘सुट्टीतला कॅश’ धरतील का?

---

सह्यवारी

अर्थकॅशमध्ये बघायला डबा नसतो, त्यामुळे देखभाल म्हणजे मुख्यतः आलेली उत्तरं तपासणं आणि जागा बंद किंवा बदलली तर पान दुरुस्त करणं. ते श्टुटगार्टहून जमतं. तरी अर्ज करण्याच्या आसपास तुम्ही स्वतः तिथे गेलेलं असावं लागतं, म्हणून आधीच प्रश्न ठरवून जा आणि त्यांची उत्तरं तिथेच मोजून घ्या. मोजपट्टी घेऊन जा, दहा खळग्यांचे फोटो बाजूला पट्टी ठेवून काढा, अक्षांश-रेखांश घ्या. शेजारी मळगंगेचं देऊळ आहे, तिथल्या लोकांना आणि ग्रामपंचायतीला विचारून ठेवा; समीक्षकाने परवानगीबद्दल विचारलं तर कुणाशी बोललात ते सांगता येईल.